किडनी देण्याआधी

दादाला किडनी मी देतो, असं मी डॉक्टरांसमोर पटकन बोलून गेलो, आणि तिथून पुढं माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

घरच्यांना वाटलं, ऑपरेशनला घाबरलाय. वहिनी एकदा ताट वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी, मनातून नसेल तर आत्ताच सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही." मी म्हणालो, तसं काही नाही. ती माझ्याकडं बघत राहिली, मी भाकरीकडं. तिला काय सांगणार होतो? पोट फाडून घ्यायची मला भीती नव्हती. माझ्या किडन्या आधीच खराब झालेल्या असणार, त्या मीच खराब केल्यात, आणि आता तपासणीत ते सगळ्यांसमोर येणार, ही भीती होती.

आमचं गाव धाराशिवकडचं. वडील लवकर गेले. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. तो चाकणला एका फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये वेल्डर म्हणून लागला, चिखलीत भाड्यानं घर घेतलं, लग्न झालं, आणि बारावीनंतर मलाही इकडं आणून त्यानं आयटीआयला घातलं. पुढं मी चाकणच्याच एका कंपनीत क्वालिटीला लागलो. आई गावाकडंच राहिली.

मी नुकताच कामाला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. रविवार होता, दादा आणि मी गच्चीवरची पाण्याची टाकी धूत होतो. दादा टाकीत उतरला होता, मी वरून बादली घेत होतो. टाकीतूनच त्याचा घुमणारा आवाज आला, "एक सांगतो, ऐक. हाताची सवय लागू देऊ नको. त्यानं कंबर जाते, किडनी जाते. लग्नानंतर तोंड दाखवायला जागा राहात न्हाई." बास, एवढंच. मग म्हणाला, "बादली घे वर." त्याचं तोंड मला दिसत नव्हतं आणि माझं त्याला. बहुतेक म्हणूनच त्यानं ती जागा निवडली असावी.

सवय तर मला तेव्हाच होती. त्या दिवसापासून तिला भीती चिकटली. महिनाभर मनाला आवर घालायचा, मग एक दिवस ते व्हायचंच, आणि नंतर दोन दिवस मी स्वतःच्या अंगाचा हिशेब करत बसायचो. शिफ्टभर उभं राहून कंबर दुखली तरी मला ती त्यामुळंच दुखल्यासारखी वाटायची. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायल्यावर लघवीला जळजळ झाली तरी तेच. कंपनीच्या बसमधून जाताना मोशीच्या पुढं भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या असायच्या, मी मान दुसरीकडं फिरवायचो. मोबाइलवर मात्र तेच शोधायचो. कुणीतरी पांढऱ्या कोटातला माणूस तावातावानं सांगत असायचा की लघवीत फेस दिसला तर समजा शरीरातलं सत्त्व चाललंय. मग मी रोज सकाळी संडासात वाकून फेस बघायचो. उंचावरून धार पडली की फेस होतोच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला विचारलंही नव्हतं.

आणि मग दादाच्याच किडन्या गेल्या. आधी त्याच्या पायावर सूज यायला लागली. चेहरा सकाळी सुजलेला दिसायचा. वहिनी म्हणायची, डॉक्टरला दाखवा, तो म्हणायचा, उभं राहून व्हायलंय. एक दिवस शॉपमध्येच चक्कर येऊन पडला. दवाखान्यात बीपी बघून तिथल्या सिस्टरनं दुसऱ्यांदा पट्टा गुंडाळला, तिला वाटलं मशीन बिघडलंय. पुढच्या आठवड्यात डॉक्टर मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्यात, डायलिसिस लावावं लागेल, आणि घरातलं कुणी देणार असेल तर बदलता येईल. आईला साखर होती, ती बाद. वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता. राहिलो मी.

तपासण्या सुरू झाल्या. सुरुवातीच्या रक्ताच्या होत्या, त्या निघून गेल्या. मग लघवीची आली. त्या दिवशी माझी रात्रपाळी संपली होती. घरी आलो तर घर रिकामं. वहिनी दादाला घेऊन डायलिसिसला गेली होती. मला तासाभरात चिंचवडला दवाखान्यात पोचायचं होतं. मी अंघोळ केली, कपडे घातले, पुन्हा पलंगावर बसलो. उठलो, खिडकी लावली, उघडली. आज कळणार, आज कळणार, एवढंच डोक्यात. असं सैरभैर झालं की मन शांत करायला मला एकच गोष्ट माहीत होती. ती मी केली. आणि मग स्वतःला शिव्या देत गाडीला किक मारली, दवाखान्यात जाऊन बाटलीत सॅम्पल दिलं आणि लॅबमधल्या माणसाच्या नजरेला नजर न देता बाहेर पडलो.

फोन दुसऱ्या दिवशी आला. मी शॉपफ्लोअरवर होतो. प्रत्यारोपणाचं सगळं जुळवून आणणाऱ्या कोऑर्डिनेटर ताईंचा फोन होता. प्रेसच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून मी पार्ट तपासायचं टेबल सोडून बाहेर शेडखाली आलो.

"सर, तुमच्या लघवीत प्रोटीन आलंय. जास्त आलंय. मॅडमनी भेटायला बोलवलंय. उद्या जमेल?"

"प्रोटीन म्हणजे?"

"किडनीनं ते अडवायचं असतं, सर. बाहेर जायला नको. पण घाबरू नका, मॅडम सांगतील सगळं."

मी हो म्हणालो आणि गेलो नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मला आज सलग आठवतही नाही. मी ओव्हरटाइम मागून घेतला. शिफ्ट सुटली तरी बसमध्ये न चढता चाकण चौकापर्यंत पायी चालत जायचो आणि मिळेल त्या गाडीनं परत यायचो. घरी आलो की पोटात भूक असून जेवण जायचं नाही. कोऑर्डिनेटर ताईंचे फोन मी उचलले नाहीत. सत्त्व चाललंय, सत्त्व चाललंय, असं तो मोबाइलवरचा माणूस सांगायचा, आणि आता तर खुद्द दवाखान्यानंच सांगितलं होतं की जे आत राहायला पाहिजे ते बाहेर जातंय. मला दुसरा पुरावा कशाला पाहिजे होता?

दादा डायलिसिसवरून आला की भिंतीला टेकून बसायचा. त्याचा रंग राखेसारखा झाला होता. पाणी मोजून मिळायचं. मी समोरून गेलो की तो मला हाक मारायचा आणि, काय न्हाई, जा, म्हणायचा. एकदा म्हणाला, "काय व्हायलंय तुला? द्यायची नसंल तर नको देऊ. मी काय मागितली न्हाई."

"तसं नाही दादा."

"मग कसं?"

मी चप्पल घालून खाली उतरलो. कुदळवाडीच्या बाजूनं भंगाराची दुकानं संपेपर्यंत चालत गेलो आणि परत आलो.

शेवटी वहिनीनं कोंडी फोडली. ताईंनी तिलाच फोन केला होता. मी कामावर निघत होतो, ती दारात आडवी उभी राहिली.

"दवाखान्यातून बोलावलं होतं, तुम्ही गेला नाहीत."

"जाणार आहे."

"कधी? हे संपल्यावर?" तिचा आवाज फाटला. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि हळू बोलली, "भाऊजी, तुम्हाला काही आजार निघाला असेल तर तोही मला चालेल. तुमचं औषधपाणी करीन. पण असं अधांतरी ठेवू नका."

त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. सरळ दवाखाना गाठला.

मॅडम माझ्या आईपेक्षा थोड्या लहान असतील. टेबलावर त्यांचा अर्धा डबा उघडाच होता. मी आत गेल्यावर त्यांनी झाकण लावलं आणि रागावण्याऐवजी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. सॅम्पल द्यायच्या आधी ताप होता का? जड व्यायाम? रात्रभर उभं राहून काम? मी म्हणालो, रात्रपाळी होती. त्यांनी मान हलवली. मग त्याच आवाजात, जसा ताप विचारला तसंच विचारलं, "त्याच्या आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी वीर्य गेलं होतं का? झोपेत, किंवा हातानं?"

मी खुर्चीच्या कडेवर आलो. दार बंद आहे का ते वळून बघितलं.

"तुम्ही नाही सांगितलं तरी चालेल," त्या म्हणाल्या. "सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू दिसलेत. लॅबनं तसं कळवलंय. मला फक्त खात्री करायची होती."

"सकाळी," मी म्हणालो. "तासभर आधी."

"मग झालं की. ते प्रोटीन बहुतेक त्याचंच आहे. मूत्रमार्गात थोडं राहिलेलं असतं, ते लघवीबरोबर बाटलीत आलं. किडनीचा त्यात संबंध नाही. दोन-तीन दिवस थांबा आणि पुन्हा सॅम्पल द्या. आधी भरपूर पाणी प्या, पहिली धार सोडून मधली घ्या."

मला वाटलं, त्यांना माझं म्हणणं कळलेलंच नाही. एवढ्या वर्षांचं ओझं आणि त्या म्हणतात, मग झालं की. मी बोलत सुटलो. कंबर, जळजळ, फेस, किती वर्षांपासून, किती वेळा. थांबताच येईना. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. संपल्यावर कोऱ्या कागदावर दोन घेवड्याच्या दाण्यांसारख्या आकृत्या काढल्या, खाली पिशवी, तिच्याखाली नळी.

"लघवी इथं वर तयार होते. वीर्य तिथं तयारच होत नाही. ते खाली वृषणात आणि प्रोस्टेटच्या आसपास तयार होतं. दोघांची शेवटची वाट तेवढी एक आहे. एका गल्लीतून दोन बिऱ्हाडं ये-जा करतात म्हणून एकाच्या घरातलं दुसऱ्याच्या घरात जातं का?"

"म्हणजे किडनीवर परिणाम नाही?"

"नाही. स्टोनही होत नाही. हात स्वच्छ असले, जखम होईल असं काही केलं नाही, तर लघवीच्या मार्गालाही काही होत नाही. नंतर कधी किंचित जळजळलं तर पाणी प्या, लघवीला जाऊन या. तरी जळजळ राहिली, ताप आला, रक्त दिसलं, तर तपासून घ्यायचं. तुमची कंबर उभं राहून दुखते आणि जळजळ पाणी कमी प्यायल्यानं होत असणार. कंपनीत बाटली भरून नेता का?"

नेत नव्हतो. लाइनवरून सारखं लघवीला जायला सुपरवायझर कुरकुर करायचा, म्हणून आम्ही सगळेच पाणी कमी प्यायचो.

"ती सवय मोडा," मॅडम म्हणाल्या. "किडनीला त्रास देणारी सवय ती."

उठता उठता मी विचारलं, "हे दादाला सांगणार का?"

"तुमचं बोलणं माझ्यापाशीच राहील. त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

दुसरं सॅम्पल स्वच्छ आलं. मग चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायची तपासणी झाली, त्यात घरभर त्या कॅनची इतकी चर्चा झाली की लाज वाटायचं बंद झालं. तीही स्वच्छ. फोनवर ताई म्हणाल्या, "सर, एकदम छान आहे," आणि मी शेडखाली उभा राहून नुसता हं हं करत राहिलो. आनंद झाला, पण सैलावलो नाही. उलट आता दुसरंच टोचायला लागलं. दादाला काय सांगायचं? तो विचारणारच, इतके दिवस का पळत होतास.

त्यानं विचारलं डायलिसिसला. त्या दिवशी वहिनीला बरं नव्हतं म्हणून मी बरोबर गेलो होतो. यंत्र घूं घूं करत होतं, त्याच्या हातातून लाल नळ्या जात होत्या. शेजारचे आजोबा घोंगडं ओढून झोपले होते. मी सांगून टाकलं. गच्चीवरच्या टाकीपासून मॅडमच्या कागदापर्यंत. त्याच्याकडं न बघता, नळ्यांकडं बघत. सांगून झालं. मला वाटलं, रागावला. बघितलं तर त्याचे डोळे छताला लागलेले.

"म्हणजे त्यानं किडनी जात न्हाई?" त्यानं विचारलं.

"नाही म्हणाल्या मॅडम."

"पक्कं विचारलास?"

"पक्कं."

यंत्रानं टींटीं केलं, सिस्टर येऊन बटण दाबून गेली. मग दादा बोलायला लागला. इतका सलग तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

"मला वाटत हुतं माझ्या त्याच्यानंच गेल्या," तो म्हणाला. "लग्नाच्या आधी मला लय सवय हुती. इकडं एकटाच राहायचो ना. मग दोन वर्षांमागं लघवीला फेस यायला लागला. असा, साबण टाकल्यावाणी. मला वाटलं, धात जातीया. जुनं पाप निघायलंय. तुझ्या वहिनीला कसं सांगू? एक वैद्य हुता, त्यानं पुड्या दिल्या. भस्माच्या. खात राहिलो. पाय सुजले तरी खात राहिलो. डॉक्टरकडं गेलो असतो तर त्यानं विचारलं असतं, कशानं झालं. काय सांगणार हुतो मी?"

मी त्याचा मोकळा हात धरला. आमच्यात असा हात धरायची पद्धत नाही. त्यानं तो राहू दिला.

नंतर मी मॅडमना वेगळं गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, दादाच्या किडन्या बीपीनं गेल्या. बीपी कित्येक वर्षं वाढलेलं असणार, कुणी मोजलंच नाही. तो फेस म्हणजे किडनीतून खरंच जाणारं प्रोटीन होतं, वीर्य नव्हे. पुड्यांनी किती भर घातली ते आता सांगता येणार नाही, पण अशा भस्मांत कधी कधी शिसं, पारा सापडतो. "फेस दिसला त्या वेळी आले असते तर?" मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "बरीच वर्षं लांबवता आलं असतं."

ते वाक्य मी दादाला सांगितलं नाही. अजूनही नाही. रात्रपाळीला पार्ट हातात घेतला की ते मध्येच आठवतं, आणि मी तो पार्ट पुन्हा तपासतो, आधी तपासलेला असला तरी.

ऑपरेशन झालं. मला शुद्ध आली तेव्हा कुशीत ठणका होता आणि वहिनी कानाशी वाकून सांगत होती, "लघवी झाली. तिथल्या तिथं झाली, टेबलावरच." मला आधी वाटलं माझ्याबद्दल बोलतेय. मग कळलं, माझी किडनी दादाच्या पोटात गेल्या गेल्या चालू झाली होती. डायलिसिसच्या शेवटच्या दिवसांत त्याची लघवी जवळपास बंदच झाली होती. ती हसत होती आणि तिच्या नाकातून पाणी येत होतं. मीही हसलो, टाके ओढले गेले.

दादा आता बरा आहे. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागणार. वेल्डिंग सुटलं, त्याच शॉपमध्ये तो स्टोअर सांभाळतो. मी कामावर परत रुजू झालो. मॅडमना एका तपासणीला मी आपणहून विचारलं की आता एकाच किडनीवर ते चालेल का. त्या म्हणाल्या, जखम भरली, दुखत नाही, मग काही अडचण नाही. मी मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला, मिठाबद्दलचा.

गेल्या महिन्यात माझ्यासाठी दिघीला मुलगी बघायला गेलो. पोहे झाले, मुलीच्या वडिलांनी शेती, कंपनी, सगळं विचारलं. मग घसा खाकरून दादाला म्हणाले, "पाहुणे, राग मानू नका. यांची एक किडनी काढलीय म्हणता. मग बाकीचं... म्हणजे संसाराच्या दृष्टीनं... सगळं व्यवस्थित ना?"

मुलगी आतल्या दारात उभी होती, ती आत सरकली नाही. मी हातातला कप खाली ठेवला.

दादानं शर्ट सारखा केला. "त्याचा आणि किडनीचा काही संबंध न्हाई," तो म्हणाला. "वाट एक असती, पण कारखाना वेगळा. आमच्या डॉक्टर मॅडम हायत, त्यांच्याकडं चला, मी घेऊन जातो. मला बी आधी ठाऊक नव्हतं. मी विचारलं न्हाई, म्हणून हे असं झालं माझं." आणि शर्टाच्या बाहीखाली डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली शीर होती, ती त्यानं त्यांना दाखवली.

मुलीच्या वडिलांनी वाकून ती बघितली. ते म्हणाले, चहा आणखी घ्या.

त्यांचा निरोप अजून आलेला नाही. वहिनी म्हणते, नाही म्हणायचं असतं तर लगेच म्हणाले असते. दादा म्हणतो, येईल. मी मात्र दादाचा फोन वाजला की उठून गॅलरीत जातो, आणि आतून कुणी हाक मारतंय का ते ऐकत तिथंच येरझाऱ्या घालतो.